डाव्या पंखाचे बाण

आमच्या घरी कुणी आलं की चप्पल काढता काढता आधी नाक वर करतं. वास वार्निशचा असतो. ह्यांचं उदगिरात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. बोअरच्या, विहिरीवरच्या, पिठाच्या गिरणीच्या जळालेल्या मोटारी येतात, हे आतली काळी पडलेली तार उपसून काढतात, नवी भरतात आणि वरून वार्निश ओततात. पिवळं, चिकट, डोक्यात जाणारं. ते दुकानातच राहावं, घरात आणू नये, असं माझं लग्नापासूनचं म्हणणं. पण आता माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, मसाल्याच्या डब्यांच्या वर, वार्निश लावलेले बाण वाळत टांगलेले असतात, आणि मीच त्यांना कुणाला हात लावू देत नाही. एवढी कशी बदलले ते सांगते.

मी डावखुरी. माझं माहेर लोह्याकडचं, शेतीवाडीचं घर. माझ्या मायनं मला लहानपणी ‘जेव’ जेवढ्या वेळा म्हटलं नसेल तेवढ्या वेळा ‘उजव्या हातानं’ म्हटलं असेल. देवळातला प्रसाद असो, शेजारणीनं दिलेलं ताक असो, की मामानं हातावर ठेवलेली चिंच असो, माझा डावा हात पुढं गेला की मनगटावर टिचकी बसायची आणि ठरलेलं वाक्य यायचं, "उजव्या हातानं घे, बाई." मध्ये काही दिवस तिनं तो हात फडक्यानं पाठीशी बांधूनही ठेवला होता. माय मारकुटी नव्हती हं. तिला माझ्या सासरची भीती वाटायची. डाव्या हातानं वाढणारी सून कोण खपवून घेईल, लोक नावं ठेवतील, हा घोर तिला मी चालायला लागल्यापासून.

तर मी उजव्या हातानं लिहायला शिकले, जेवायला शिकले, आणि मास्तरीण झाल्यावर फळ्यावर खडूही उजव्याच हातानं चालवते. विळीवर भाजी चिरताना, केर काढताना, म्हणजे कुणी बघत नसताना, डावा हात आपलं काम करून घेतो. चाळिशी ओलांडली तरी चारचौघांत तो पदराखाली जायचा. मला स्वतःला ते जाणवायचंसुद्धा नाही.

माझी शाळा जळकोटकडची. शाळेतल्या मुलींना घेऊन एकदा लातूरला देशी खेळांच्या शिबिराला गेले. तिथं बांबूचं धनुष्य आणि बांबूचेच बाण घेऊन एक सर शिकवत होते. मुलींचं झाल्यावर म्हणाले, आता बायांनी पण हात लावून बघा. बाकीच्या हसत मागं सरकल्या. मी धनुष्य उचललं, उजव्या हातात धरलं, आणि डाव्या हातानं दोरी ओढली. विचार करून नाही, हात आपोआप गेला. गेल्यावर मात्र वाटलं, आता सर काहीतरी म्हणणार. सरांनी एकदा बघितलं आणि साध्या आवाजात म्हणाले, "डावखुऱ्या आहात का? मग बाई, त्या अंगाला तोंड करून उभ्या राहा."

बस, एवढंच. टिचकी नाही, उपदेश नाही. पहिला बाण गवतात गेला, दुसरा कडब्याच्या पेंढीच्या कडेला लागला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मुलींना वाटलं बाईंना दोरीचा फटका बसला. तोही बसला होता, पण रडू त्याचं नव्हतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे पोट धरून हसले. मास्तरीणबाई आता शिकारीला निघणार व्हय, म्हणून शेजाऱ्यांनाही सांगून आले. ह्यांचं असंच आहे, तोंड आधी चालतं, पाय मागून येतात. पुढच्या रविवारी हेच माझ्याबरोबर लातूरला आले. मी सरांकडून एक धनुष्य घेतलं, सोबत थोडे बाण मिळाले. परतीच्या एस्टीत ह्यांनी एक बाण मांडीवर घेतला आणि उदगीर येईपर्यंत खाली ठेवला नाही. कधी एक डोळा मिटून टोकाकडून बघायचे, कधी दोन बोटांवर तोलायचे. घरी आल्यावर म्हणाले की ह्यातले कुठलेही दोन बाण सख्खे भाऊ नाहीत, चुलत पण नाहीत, आणि असल्या बाणांनी माणूस नेम धरणार तरी कसा. मग जाहीर केलं, आजपासून तुझे बाण मी करणार.

मी म्हटलं, मोटारी कोण भरणार?

त्यावर हे म्हणाले, मोटार आणि बाण, फरक काय? दोन्ही सरळ फिरले पाहिजेत.

मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण ह्या माणसाचा हुन्नर मी तोवर नीट बघितलाच नव्हता. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, दुकानात डबा द्यायला जायचे आणि डबा ठेवून परत यायचे. ह्या बाणांपायी पहिल्यांदा तिथं स्टुलावर बसले, आणि हे काम कसं करतात ते बघत राहिले.

बुरूड गल्लीतून ह्यांनी बांबू आणला. हिरवा नको, जुना वाळलेला पाहिजे, म्हणून बुरडाच्या बाईशी तासभर हुज्जत घातली. तिनं त्याच्या कामट्या काढून दिल्या, टोपल्यांना लागतात त्यापेक्षा जाड. आता त्या चौकोनी कामटीची गोल काडी करायची कशी? मी म्हटलं सुताराकडं द्या. ह्यांना त्याचा राग आला. तांब्याची तार जाडीवरून ओळखणारा माणूस हा, डोळे मिटून बोटांत धरून नंबर सांगतो. ह्यांनी एका लोखंडी पट्टीला ओळीनं भोकं पाडली, पहिलं मोठं, पुढचं थोडं लहान, त्याच्या पुढचं आणखी लहान. कडेला धार ठेवली. मग कामटी पहिल्या भोकातून ओढली, दुसऱ्यातून ओढली, आणि असं करत करत शेवटच्या भोकातून बाहेर आली ती गोल गरगरीत काडी. भोकाच्या अलीकडं भुसा साचलेला. मी ती काडी हातात घेतली आणि खरं सांगते, मला ह्यांच्या तोंडावर कौतुक करायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

मग सरळ करण्याचं काम. बांबूला पेरापाशी वाक असतोच. हे माझ्या गॅसवर, बारीक आचेवर, ते पेर फिरवत फिरवत तापवायचे आणि गरम असतानाच लाकडाच्या खाचेत दाबून सरळ करायचे. करपवायचं नाही, पण पुरतं तापलं पाहिजे. भाकरी फुगायच्या वेळेला हे गॅस अडवून बसायचे, त्यावरून आमची रोज भांडणं. सरळ झाली की नाही ते डोळ्यानं बघायचेच नाहीत. दुकानातल्या काउंटरच्या काचेवर काडी घरंगळत सोडायचे आणि कान लावायचे. वाकडी काडी टकटक करत जाते. सरळ काडी गपगुमान जाते. बेअरिंगचा आवाज ऐकायची सवय ना, काचेवरच्या काडीचाही ऐकू यायचा.

सगळ्यात नामी तजवीज होती भिंतीवर. दुकानाच्या मागच्या भिंतीत ह्यांनी दोन खिळे मारले. त्यांच्यावर काडी आडवी ठेवायची, मधोमध किलोचं माप टांगायचं, आणि काडी किती वाकते तिथं भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढायची. ज्या काड्या एकाच रेघेला टेकतील त्या एका घरच्या. काही काड्या वाकायलाच तयार नव्हत्या, अगदी ताठ. त्यांची जुडी बांधून ह्यांनी घरी पाठवून दिली, मी ती गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं टाकली. बाकीच्या एकसारख्या वाकणाऱ्या निवडून त्या शेजारच्या सोनाराच्या काट्यावर तोलल्या. सोनार वैतागला होता, पण गिऱ्हाईक नसलं की तोही कौतुकानं बघायचा.

राहिली पिसं. मोराची नकोत, उगाच कायद्याची कटकट. जळकोटकडं एकानं टर्की पाळल्यात, त्याच्याकडून पिशवीभर पिसं मी स्वतः शाळेतून येताना आणली. हे पिशवी उलटी करून बसले आणि एकेक पीस उजेडात धरून दोन ढीग करायला लागले. विचारलं तर म्हणाले, डाव्या पंखाचं पीस एका बाजूला वळतं, उजव्या पंखाचं दुसऱ्या. एका बाणाला तिन्ही पिसं एकाच पंखाची पाहिजेत, नाहीतर हवेत त्यांची आपसात ओढाताण होते. आणि मग मोठ्या थाटात मला सांगितलं, "तू डावखुरी. तुझ्या बाणाला सगळी डाव्या पंखाचीच लावणार."

काय सांगू, किती बरं वाटलं. माझ्या डाव्या हाताची दखल घेऊन कुणी काही केलं, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं. कॉइलला बांधतात त्याच सुती दोऱ्यानं ह्यांनी पिसं बांधली, वर वार्निश दिलं, लेथवाल्या मित्राकडून पितळी टोकं करून बसवली. त्या दिवसापासून वार्निश घरात आलं. बाण इतके देखणे होते की मला मारायला जीव होईना.

मारले, आणि सगळे डावीकडं गेले.

दाल मिलच्या मागं एक मोकळा प्लॉट आहे, तिथं कडब्याच्या पेंढ्या रचून त्यावर पोतं टांगलं होतं. मध्ये कुंकवाचा टिळा. मी टिळ्यावर नेम धरावा आणि बाण पोत्याच्या डाव्या कडेला. एक गेला असता तर माझी चूक म्हटलं असतं, पण सगळे एका जागी, डावीकडं. ह्यांनी लातूरच्या सरांना फोन लावला. मिसेसचा बाण डावीकडं जातोय, एवढंच म्हणाले. ह्यांनी जेवढं विचारलं तेवढ्याचंच सरांनी उत्तर दिलं: दोरी सुटली की बाण आधी वळवळतो, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. काडी ताठ असली तर वळसा पुरा होत नाही, बाण डावीकडं पडतो. नरम असली तर उजवीकडं. पिसं दोष झाकतात, म्हणून एक बिनपिसाची काडी मारून खात्री करा.

बिनपिसाची काडी मारली. ती तर पोतं सोडून डावीकडच्या बाभळीत गेली. झालं, हे म्हणाले, काडी ताठ हाय, नरम करायला पाहिजे. पॉलिश पेपर घेतला आणि एकेक बाण मधल्या भागात घासून बारीक केला. दुसऱ्या रविवारी बाण आणखी डावीकडं. ह्यांनी आणखी घासलं. आणखी डावीकडं. बांबू एकदा घासला की घासला, परत जाड होत नाही. त्या सगळ्या मेहनतीचा भुसा दुकानाच्या फरशीवर पडत होता आणि आम्ही दोघं एकमेकांशी कमी बोलायला लागलो होतो.

नांदेडला देशी धनुष्याची विभागीय निवड व्हायची होती. बाण बांबूचे किंवा लाकडाचेच पाहिजेत, असा तिथला नियम. मी नाव दिलं होतं. शाळेत मुलींनी फलकावर माझं नाव खडूनं रंगवलं होतं. आणि मला रात्रंदिवस एकच वाटायला लागलं, बाणात दोष नाही, हातात आहे.

त्यातच माय आली. तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उदगिरात केलं आणि ती आमच्याकडंच राहिली. काळा चष्मा लावून ती एका रविवारी आमच्याबरोबर प्लॉटवर आली, खुर्ची टाकून बसली. मी बाण मारले. ते जिथं जायचे तिथंच गेले. मायनं थोडा वेळ बघितलं. मग ती काही रागानं नाही, सहज बोलावं तसं म्हणाली, "डाव्या हातानं कधी काही सरळ गेलंय का, बाई?"

मी तिथंच धनुष्याची दोरी उतरवली. घरी आल्यावर ते खुंटीला लावलं आणि ह्यांना सांगितलं की मला जायचं नाही, नाव कमी करा, आणि तुमचा पॉलिश पेपर बंद करा. बोलायला लागले की मी थांबत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असली बाई मी नाही, म्हटलं. अंगण तुम्ही सोन्यासारखं करून दिलंत, मलाच नाचता येत नाही. असंही म्हटलं की मायनं लहानपणी हात बांधला ते बरंच केलं. हे ऐकून एरवी हे गाव गोळा करतील. त्या दिवशी मात्र बाण उचलले आणि दुकानात निघून गेले. मला त्याचाही राग आला, वाटलं, निदान भांडायचं तरी.

त्यानंतर मी शाळा आणि घर एवढंच धरलं. हे सकाळी लवकर दुकानात जायला लागले. काम वाढलंय म्हणाले, उन्हाळ्याच्या तोंडावर मोटारी जळतातच, मी विश्वास ठेवला. फाल्गुन लागला होता, मायनं गच्चीवर कुरडया घातल्या होत्या.

एके दिवशी हे अंघोळ करून आले, बनियनवर. मी ताट वाढत होते. ह्यांनी भाकरीला हात पुढं केला तेव्हा दिसलं. हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून खाली मनगटाकडं, निळंकाळं. एका जागी कातडी सोलली होती. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं मोटार पडली, पाना लागला. मला एका नजरेत कळलं. धनुष्य धरलेल्या हाताला दोरी झपकन घासून जाते, ते वळ मी चांगले ओळखते. पण बाण मारणाऱ्या उजव्या माणसाच्या अंगावर ते वळ डाव्या हाताला येतात. ह्यांचे वळ उजव्या हाताला होते. मला यायचे त्याच जागी.

हे जन्माचे उजवे. ह्यांना डाव्या हातानं चहाचा कप धरता येत नाही, सांडतो.

मी ताट तसंच ठेवून विचारलं. आधी काही नाही म्हणाले. मग हसले, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. मी शाळेत गेल्यावर हे खुंटीचं धनुष्य घेऊन प्लॉटवर जात होते, आणि माझ्यासारखं उभं राहून, माझ्यासारखं उजव्या हातात धरून, डाव्या हातानं दोरी ओढत होते. आधी तर बाण पेंढीपर्यंतही पोचेना. दाल मिलचे हमाल भिंतीवर बसून हसायचे. आमचा माणूस, गावभर दुसऱ्याला हसणारा, त्यांचं हसणं रोज ऐकून घ्यायचा आणि पुन्हा दोरी ओढायचा.

"तुझा हात बराबर होता," हे म्हणाले. "मीच माझ्या हातानं मोजून राहिलो होतो."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, ह्यांनी मला प्लॉटवर नेऊन दाखवलं. घासून बारीक केलेली एकच बिनपिसाची काडी घेतली. उजव्या माणसासारखी मारली, ती उजवीकडं पडली. तीच काडी उचलून आणली, डाव्या माणसासारखी मारली, ती डावीकडं पडली. ह्यांचा बाण धनुष्याच्या एका अंगाला बसतो, माझा दुसऱ्या अंगाला. म्हणजे माझा वळसाही उलटा. सरांचा नियम उजव्यांचा होता, माझ्यासाठी तो उलटा वाचायचा होता. माझे बाण डावीकडं जात होते कारण ते नरम होते, आणि आम्ही त्यांना घासून घासून आणखी नरम करत बसलो होतो. पिसं मोठ्या हौसेनं डावी लावली आणि हिशेब मात्र उजवाच ठेवला.

मला हसू आलं आणि मग जे रडू आलं ते आवरेना. मी ह्यांचा तो वळ आलेला हात दोन्ही हातांत धरून उभी राहिले, आणि दाल मिलचे हमाल बघत होते तरी सोडला नाही. लग्नानंतर मला कुणी दागिना दिला, साडी दिली, सगळं मिळालं. पण माझ्या बाजूनं उभं राहून बघायला त्याआधी कुणी गेलं नव्हतं.

आता नांदेड तोंडावर आलं होतं. नवा बांबू वाळायला वेळ कुठला? हे डोक्याला हात लावून बसले आणि एकदम उठले. ताठ काड्यांची जुडी. वाकायला तयार नव्हत्या म्हणून बाजूला काढलेल्या त्याच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आम्ही गच्चीवर पळालो. टाकीमागं जुडी होती, पण तिच्यातली सगळ्यात चांगली, लांब पेराची काडी मायच्या हातात होती. टोकाला तिनं लाल चिंधी बांधली होती आणि ती कुरडयांवरचे कावळे हाकलत होती.

ह्यांनी हात जोडून म्हटलं, मामी, तेवढी काडी द्या. मायला कळेना, जावईबापूंना कावळ्यांच्या काडीचं एवढं काय पडलंय. हे तिथंच, कुरडयांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि तिला सगळं सांगितलं. वळसा, ताठ, नरम, सगळं. तिला किती समजलं कुणास ठाऊक. शेवटी हे म्हणाले, "मामी, हिचा हात चांगला हाय. आम्हीच त्याला उजवा समजून तासत बसलो."

तिनं चिंधी सोडली, काडी ह्यांच्या हातात दिली, आणि कुरडया पालटायला लागली. पण त्या दिवसापासून जेवताना, चहा देताना, तिचं ते ठरलेलं वाक्य मला ऐकू आलं नाही. मी वाट बघत होते, आलं नाही.

ह्यांनी त्या काड्या रेघेला लावल्या, तोलल्या, पिसं पुन्हा डावीच बांधली. ह्या वेळी बिनपिसाची काडी मी मारली आणि हे माझ्या मागं उभे राहिले. उजवीकडं पडली. म्हणजे ताठ. हे अगदी थोडं घासायचे, मी मारायची, पुन्हा थोडं घासायचे. टिळ्याच्या रेषेत आली तेव्हा ह्यांनी पॉलिश पेपर खिशात घातला आणि म्हणाले, आता ह्याला देवानंसुद्धा हात लावायचा नाही. मायच्या काडीवर चिंधीचा लाल रंग उतरला होता, घासूनही गेला नाही, वार्निशखाली तसाच राहिला. जुन्या, वाया गेलेल्या बाणांवर सध्या माझा कारल्याचा वेल चढलाय.

निवडीचं आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही तेवढ्यासाठी वाचत राहाल. माझ्याहून चांगल्या बाया होत्या, तरण्या होत्या. माझं नाव राखीवमध्ये लागलं. ह्यांनी मात्र उदगिरात असं सांगितलं की मी सुवर्णपदक घेऊन आले असं लोकांना वाटावं.

मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. माय हट्टानं बरोबर आली होती. एस्टीत तिनं बाणांची पिशवी मांडीवर घेतली ती नांदेडपर्यंत कुणाला दिली नाही. मैदानावर रेषेच्या मागं लिंबाच्या सावलीत ती पिशवी घेऊन बसली. ह्यांना आत सोडलं नव्हतं, हे तारेच्या पलीकडं उभे होते. माझा गट पुकारला. मी बाण घ्यायला मायकडं वळले. तिनं पिशवीतून एक बाण काढला. लाल डागाचा, तिचाच. माझ्यापुढं धरला.

माझ्या उजव्या हातात धनुष्य होतं. पण माय काही देतेय म्हटल्यावर मला दुसरं सुचलंच नाही. मी घाईनं धनुष्य डाव्या बगलेत मारलं आणि उजवा हात मोकळा करून पुढं केला.

मायनं बाण मागं घेतला. मला वाटलं काही चुकलं. तिनं माझ्याकडं बघितलं, काळा चष्मा आता नव्हता, आणि हळूच म्हणाली, "डाव्या हातानं घे, बाई."

मी डाव्या हातानं घेतला.